मदत हवी आहे: परसातल्या ब्रॉयलरसाठी खुराडं कसं करावं?

मंडळी, घरी खाण्यापुरत्या २५ ब्रॉयलर कोंबड्या परसात वाढवायच्या आहेत. पिल्लांची सोय झाली आहे. खोक्यात बल्ब लावून पहिला आठवडा ३५ अंशांच्या आसपास ऊब ठेवायची, मग दर आठवड्याला तीनेक अंश उतरवायची. अडलंय ते त्यानंतरच्या घराशी.

एक विचार सरकत्या पिंजऱ्याचा: खाली तळ नाही, वर पत्रा, रोज सकाळी एक पिंजराभर पुढे ओढायचा. विष्ठा जमिनीत जिरते, भुसा लागत नाही. पण माझी जागा उंचसखल. कडेखाली चार बोटं फट राहिली तरी मुंगूस आत शिरणार. शिवाय ओढताना या जड, सुस्त कोंबड्यांचे पाय चौकटीखाली सापडतात म्हणे. कुणाला अनुभव?

दुसरा, एका जागी पक्कं खुराडं, खाली चार इंच भाताचं तूस. मागच्या खेपेला मी हेच केलं होतं. पाण्याचं भांडं सांडून कोपरा ओला राहिला आणि पाचव्या आठवड्यात दार उघडलं की अमोनियाने डोळे चुरचुरायचे. चूक माझीच, वारा खेळायला वर जागाच ठेवली नव्हती.

माप धरलंय कोंबडीमागे दीड चौरस फूट. सहा-सात आठवड्यांनी कापायच्या आहेत, तर पुरेल का? षटकोनी जाळी कुत्रं फाडतं, म्हणून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घेतोय. कोंबड्यांना बसायला आडवी दांडी घालत नाही, या चढतच नाहीत.

तुम्ही यातलं कुठलं निवडाल? फोटो असतील तर जरूर टाका.