राउंडला टॅबलेट: सोय की लचांड?

(वॉर्डात पेशंट तपासत फिरताना कागदाऐवजी टॅबलेट, म्हणजे स्क्रीनवाला छोटा कॉम्प्युटर, वापरावा का, यावर नागपूरच्या डॉक्टर-सिस्टरांची चर्चा.)

फिजिशियन, धंतोली: आकडे आणि ऑर्डर टॅबलेटवर घ्या, हिस्टरी घेताना, म्हणजे पेशंटला आजाराबद्दल विचारताना, तो ट्रॉलीवर पालथा ठेवा, एवढंच माझं म्हणणं. रक्तात पोटॅशियम ६.२, म्हणजे धोक्याइतकं जास्त, आलं तर खाटेपाशीच कळतं, किडनीचं क्रिएटिनिन कसं चढत गेलं तेही. कागदी कारभारात तोच रिपोर्ट संध्याकाळपर्यंत लॅबच्या खणात पडून असतो.

सर्जन, रामदासपेठ: सर, ड्रेसिंगच्या राउंडला या एकदा. ओला ग्लोव्ह लागला की स्क्रीनवर भलतंच उघडतं. दर खाटेला ग्लोव्ह काढा, टॅबलेट धरा, हात धुवा, नवे घाला, कोण करतं? वॉर्डात पुसायला असतं हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, त्याने काचेवरचा बोटांचे डाग रोखणारा थर जातो. आणि आपला मे महिना! आयपॅड वापरायची कंपनीची मर्यादाच ३५ अंश. कूलर बंद पडला की चार्जिंग अडलंच समजा.

फिजिशियन: हायपोक्लोराइट लावायचंच नाही. बंद करून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने पुसा, ॲपलला चालतं. कापडी कव्हर नको. लिहिणारा रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) वेगळा, तपासणारा वेगळा. उन्हाचं मात्र मान्य.

बालरोगतज्ज्ञ: तुम्ही दोघंही काचेवरच अडलात, खरी भीती औषधांच्या यादीची. मूल १० किलोचं, पॅरासिटामॉल १५ मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे १५० मिग्रॅ. ५ मिलीत १२० मिग्रॅचं सिरप असेल तर ६.२५ मिली, २५० चं असेल तर ३ मिली. यादीत दोन्ही एकाखाली एक. १२० धरून ६.२५ मिली लिहिलं आणि बाटली २५० ची आली, की पोराच्या पोटात ३१२.५ मिग्रॅ! म्हणून नुसती मिलीतली ऑर्डर सिस्टिमने घेऊच नये. मिग्रॅ, सिरपची ताकद आणि मिली, तिन्ही हवेत.

आयसीयू इन्चार्ज सिस्टर: टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट कागदावरही भरा, टॅबलेटवरही भरा, असं सांगता ना, तिथेच बिघडतं. मग सहा, आठ आणि दहाची नाडी साडेदहाला एका दमात चढते. वायफाय गेल्यावर कागदावर लिहिलेलं नंतर कोणी चढवायचं, तेही लेखी द्या. नाहीतर दोघी चढवतात आणि एकच इंजेक्शन दोनदा दिल्याचं दिसतं.

फिजिशियन: सिस्टर, कागदी चार्ट बंद करू, चालेल?

फॉरेन्सिक, मेडिकल चौक: घाई नको. कागदावर खोडलेलं दिसतं. टॅबलेटवर दिसायला ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणी कधी काय बदललं याची नोंद, चालू हवा. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद कोर्टात पुरावा म्हणून द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. आणि वॉर्डभर एकच लॉगिन असेल, तर ऑर्डर कोणाची हे कुठलं प्रमाणपत्र सांगणार?

सिस्टर: पासवर्ड टॅबलेटच्या पाठीवर चिकटवलेला असतो, तेही लिहा.