मदत हवी आहे : कागदी नंदीचं वशिंड नीट उलगडत नाही

तान्हा पोळ्याला आमच्या गावातल्या चौथीच्या पोरांनी स्वतः जोडलेला कागदी नंदी ओढावा, अशी फार इच्छा आहे. लाकडी नंदी सगळ्यांना परवडत नाही.

ब्लेंडर ३.६ (थ्रीडी मॉडेल बनवायचं मोफत सॉफ्टवेअर) मध्ये बैल तयार केला, डेसिमेट (त्रिकोण कमी करायची सोय) लावून ३२० त्रिकोणांवर आणला आणि 'एक्स्पोर्ट पेपर मॉडेल' अ‍ॅड-ऑनने उलगडला, म्हणजे कापून जोडायचे सपाट कागदी तुकडे काढले. ४१ तुकडे निघाले! पाय, पोट, शिंगं जमली. शिंगं तर सुरेख आली. अडतंय ते वशिंड आणि मानेखालची पोळी (लोंबती कातडी). सीम (जिथे मॉडेल कापून उलगडायचं ती कड) पाठीच्या मधोमध दिली तर तुकडे एकमेकांवर चढतात, आडव्या दिल्या तर बोटभर चिंधोट्या होतात आणि पोरांना चिकटवायच्या कडेच्या पट्ट्या दुमडता येत नाहीत. त्रिकोण २०० वर आणले, तर वशिंडच सपाट झालं. वशिंडाशिवाय बैल कसला?

कागद १८० जीएसएमचा, तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे फक्त ए-४ प्रिंट मिळते. नंदीची उंची २० सेंमी. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, त्यामुळे जड सॉफ्टवेअर चालत नाही. मोफतच हवं.

डेसिमेट सोडून वशिंड आणि पोळी चौकोनी पट्ट्यांनी हातानेच पुन्हा बांधू का? आणि तसं केलं, तर सीम नेमक्या कोणत्या कडांवर द्यायच्या, म्हणजे एवढा भाग ५-६ तुकड्यांत बसेल?