बॅटमॅनचा 'अंक १' : नव्या वाचकाला दार उघडलं, की जुनी गोष्ट पुसली?

लोकलमधली वाचक
मागच्या महिन्यात किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर 'बॅटमॅन : द कोर्ट ऑफ आउल्स' मिळालं. त्याआधी मी सुपरहिरोंचं एकही कॉमिक वाचलं नव्हतं. १९३९ पासून चालू असलेल्या गोष्टीत शिरायचं तरी कुठून? बॅटमॅनचे प्रकाशक डीसी यांनी २०११ मध्ये 'न्यू ५२' या नावाने एकदम ५२ मालिका अंक १ पासून सुरू केल्या, त्यांतली ही एक. लेखन स्कॉट स्नायडर, चित्रं ग्रेग कपुलो.

बॅटमॅनच्या गॉथम शहरावर पिढ्यान्‌पिढ्या एका गुप्त मंडळाचं राज्य आहे आणि शहर आपल्याला तळहातासारखं माहीत आहे असं समजणाऱ्या ब्रूसला, म्हणजे बॅटमॅनलाच, त्याचा पत्ताच नाही, ही कल्पनाच मला विलक्षण वाटली. पाचव्या अंकात तो चक्रव्यूहात अडकतो तेव्हा पानं आडवी होतात, मग उलटी. डोंबिवली लोकलमध्ये मी पुस्तक फिरवत वाचत होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, "उलटं का धरलंयस गं?" दाखवलं, तर मुलुंडपर्यंत त्याही डोकावून बघत होत्या.

म्हणून मला मनापासून वाटतं की, इतक्या जुन्या मालिकांनी अधूनमधून नव्याने सुरुवात करायलाच हवी. एकच खटकलं. या नव्या जगात बॅटमॅनला जेमतेम पाच वर्षं झालीत, मग तेवढ्यात त्याचे चार रॉबिन, म्हणजे एकामागून एक आलेले तरुण साथीदार, कसे झाले?

इंद्रजालवाला
त्या चार रॉबिनमध्येच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पाटी पुसली, पण खपणारं तेवढं ठेवलं. धड नवं नाही, धड जुनं नाही.

आम्ही वेताळावर, म्हणजे फँटमवर, वाढलो. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये याच मुंबईत सुरू झालं, तेही वेताळानेच. मी गिरगावात मित्राकडचा मधलाच कुठला तरी अंक उचलला होता. काही अडलं नाही. चारशे वर्षांपूर्वी किनाऱ्याला लागलेला माणूस, कवटीवर घेतलेली शपथ, बापाकडून मुलाकडे आलेला वारसा आणि आत्ताचा एकविसावा वेताळ, हे सगळं दोन-चार चौकटींत कळायचं. नव्या पोराला आत घ्यायला आधीचे वीस वेताळ पुसावे लागले नाहीत.

आणि डीसीचं, सुपरमॅनचं 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' १९३८ पासून ९०४ अंकांपर्यंत आलं होतं. ते मोडून अंक १ केला. २०१६ मध्ये त्यांनीच मुकाट्याने ९५७ छापून जुना आकडा परत आणला.

लोकलमधली वाचक
काका, तो ९०४ आकडा बघूनच मी पुस्तक खाली ठेवलं असतं. शिवाय वर्तमानपत्रातला वेताळ ली फॉक यांनी १९३६ पासून १९९९ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत लिहिला. एका माणसाच्या हातातली गोष्ट सरळ राहते. बॅटमॅन कितीतरी लेखकांच्या हातांतून गेलाय, तिथे गुंता होणारच.

कट्ट्यावरचा
ताईंशी सहमत. १९८५-८६ च्या 'क्रायसिस ऑन इनफिनिट अर्थ्स' या मालिकेतही डीसीने जग नव्याने मांडलंच होतं. जुने वाचक ज्याला 'खरा' सुपरमॅन म्हणतात, तो बऱ्याचदा त्यानंतरचाच असतो.

खिडकीजवळची
अंकांच्या आकड्यांचं मला काही नाही. मला बार्बरा गॉर्डनबद्दल, म्हणजे बॅटमॅनच्या गोष्टीतल्या बॅटगर्लबद्दल, बोलायचंय.

१९८८ च्या 'द किलिंग जोक'मध्ये जोकर तिला गोळी घालतो, तिचे पाय जातात. ती बाई तिथेच संपवता आली असती. पण किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर यांनी तिला ऑरेकल केलं. चाकाच्या खुर्चीत बसून माहितीच्या जोरावर सगळ्या हिरोंना वाट दाखवणारी. मी स्वतः खुर्ची वापरते. दादरचा पूल मला बंद आहे, लोकलचा डबा बहुतेक वेळा बंद आहे. त्या पानांत माझ्यासारखी कुणीतरी होती आणि तिची कुणाला कीव येत नव्हती, उलट तिच्यावाचून बाकीच्यांचं अडायचं.

'न्यू ५२'ने काय केलं? तीन वर्षं खुर्चीत होती, उपचारांनी बरी झाली, पुन्हा बॅटगर्ल. गेल सिमोन यांनी तिची भीती, ते दडपण जीव ओतून लिहिलंय, हे मी मान्य करते. पण बॅटगर्ल दुसरी कुणीही होऊ शकली असती आणि तशा आधी झाल्याही होत्या. ऑरेकल एकच होती. तुमच्यासाठी दार उघडलं याचा आनंद आहे. माझ्यासाठी त्याच दिवशी बंद झालं.

लोकलमधली वाचक
हे मला माहीतच नव्हतं. नव्या वाचकाला काय गेलं ते दिसत नाही, कारण त्याने ते पाहिलेलंच नसतं. नव्याने सुरुवात हवी, हे माझं मत अजून तेच आहे. पण अंक १ साठी ऑरेकल द्यायला नको होती, हे तुमचं म्हणणं मला पटलं.

शनिवारी फोर्टला जुन्या पुस्तकांकडे जाणार आहे. ऑरेकलचं काय शोधू?

खिडकीजवळची
'बर्ड्स ऑफ प्रे'. १९९६ पासूनचं, मिळेल तो अंक घ्या. दोन मिळाले तर एक माझ्यासाठी ठेवा.