पंप कंट्रोलरचा पीसीबी (सर्किट बोर्ड): कीकॅड या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये पार्ट मांडायला सुरुवात कुठून करू?

धायरी_वायरमन
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या खालच्या टाकीत पाणी कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून पंपासाठी कंट्रोलर केलाय. झिरो पीसीबीवर (तयार भोकांच्या बोर्डवर) तो नीट चालतोय. आता दोन लेयरचा, १०० × १०० मिमीचा पक्का बोर्ड करायचाय. १२ व्होल्टवरून एलएम२५९६ ने ५, पुढे एएमएस१११७ ने ३.३, वायफायचं ईएसपी३२ मॉड्यूल, टाकीतल्या फ्लोट स्विचसाठी पीसी८१७ ऑप्टोकपलर, आणि कॉन्टॅक्टरची (पंप चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचची) २३० व्होल्टची कॉइल ओढायला एक रीले. कीकॅडमध्ये एफ८ दाबलं की सगळे फूटप्रिंट (पार्टांच्या बोर्डवरच्या जागा) ढिगाने येऊन पडतात आणि रॅट्सनेस्टचं, म्हणजे न ओढलेल्या जोडण्यांच्या रेषांचं, जाळं बघून काही सुचत नाही. ईएसपी मध्यभागी घेऊन बाकीचं भोवती लावू का? रेझिस्टर एका ओळीत घेतले तर दिसेलही छान.

भोसरी_लेआउट
ईएसपी मध्यभागी अजिबात नको. अँटेनाचं टोक बोर्डच्या कडेला, जमलं तर कडेबाहेर. त्याखाली कुठल्याच लेयरवर कॉपर नको आणि आजूबाजूला १५ मिमी मोकळं सोडा.

आधी आउटलाइन, माउंटिंग होल आणि टर्मिनल ठेवून लॉक करा, कारण ते बॉक्स ठरवतो, तुम्ही नाही. मग स्किमॅटिकमध्ये (सर्किटच्या आकृतीत) एकेक ब्लॉक निवडा. तेच पार्ट पीसीबीतही निवडले जातात, ते उचलून बोर्डबाहेर वेगवेगळे गट करून ठेवा. ढीग फुटला की रॅट्सनेस्ट वाचता येतं.

२३० व्होल्टचा कोपरा पहिल्यांदा राखा. रीलेचे कॉन्टॅक्ट आणि लो व्होल्टेज बाजू यांत निदान ६ मिमी, जमलं तर ८, आणि रीलेखाली स्लॉट कापून घ्या. रीलेच्या कॉइलचा डायोड त्या कॉइलच्या पिनांना लागूनच.

आता एलएम२५९६, इथे घाई करू नका. तो १५० किलोहर्ट्झने स्विच होतो. करंट झटक्याने चालू-बंद होतो तो इनपुट कपॅसिटर, आयसी आणि डायोड यांच्या फेऱ्यात. हा फेरा जितका लहान तितका त्रास कमी. म्हणून इनपुट कपॅसिटर १ आणि ३ नंबरच्या पिनांना चिकटून, डायोडचा कॅथोड २ नंबरजवळ, आणि डायोडचं ग्राउंड कपॅसिटरच्या ग्राउंडशेजारी. इंडक्टर त्यानंतर. ४ नंबरचा फीडबॅक ट्रॅक आउटपुट कपॅसिटरवरून घ्या, इंडक्टरखालून नेऊ नका. हे तीन-चार पार्ट वाकडेतिकडे दिसले तरी चालतील. ओळ सरळ दिसावी म्हणून डायोड १५ मिमी लांब नेलेले बोर्ड माझ्याकडे तपासायला येतात, आणि बघून वाईट वाटतं.

ईएसपीच्या ३.३ व्होल्ट पिनशी १० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड, दोन्ही. वायफाय पाठवताना करंट २४० मिलिअँपिअरपर्यंत उसळतो. आणि एएमएस१११७ ची टॅब आउटपुट असते. गार राहावी म्हणून तिच्याखाली कॉपर पसरा, पण ते ३.३ व्होल्टचं, ग्राउंडचं नव्हे.

बुधवारपेठ_सोल्डर
भोसरीकरांना अनुमोदन. माझी एकच भर: रीले आणि टर्मिनल आधी तापकीर गल्लीतून (पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून) आणा, मग फूटप्रिंट पक्के करा. टर्मिनल ५ मिमी पिचचं (दोन पिनांतल्या अंतराचं) असतं तसं ५.०८ चंही असतं. दोन पिनांत फरक कळत नाही, पण ६ पिनांचं असेल तर टोकाला ०.४ मिमी सरकतं आणि दाबून बसवावं लागतं. कॅलिपर लावा. मग लेआउट १:१ कागदावर छापून पार्ट त्यावर ठेवून बघा. टर्मिनलचं वायर घालायचं तोंड बाहेरच्या बाजूला आहे ना, हे तिथेच दिसतं.

सिंहगडरोड_७८
टर्मिनल बॉक्सच्या खालच्या बाजूला येतील असं बघा. गच्चीवरून येणाऱ्या वायरवरून पावसाळ्यात पाणी ओघळत आत येतं, वरून शिरलं तर थेट बोर्डवर. आणि बॉक्स प्लॅस्टिकचाच घ्या, लोखंडी पेटीत वायफाय मिळणार नाही.

धायरी_वायरमन
म्हणजे टर्मिनल खाली, अँटेना वरच्या कडेला, रीले डाव्या कोपऱ्यात. समजलं. जागा कमी पडली तर एलएम२५९६ चा इनपुट कपॅसिटर खालच्या लेयरवर घेतला तर?

भोसरी_लेआउट
नको, वाया (दोन लेयर जोडणारी भोकं) आले की फेरा वाढतो. त्याऐवजी पीसी८१७ चे रेझिस्टर खाली न्या, त्यांना काही फरक पडत नाही. ब्लॉक लावून झाले की ट्रॅक ओढायच्या आधी स्क्रीनशॉट टाका, बघतो.