बडोदा: 45 × 28 मीटरच्या मैदानावर क्रीडासप्ताह कसा बसवायचा? आणि वर्षअखेरचं वार्तापत्र

शाळेची_ताई

नमस्कार मंडळी. बडोद्याच्या जुन्या भागातली मराठी प्राथमिक शाळा आहे. पहिली ते पाचवी, एकूण 180 मुलं. दर इयत्तेत 36, त्यात साधारण निम्मे मुलगे, निम्म्या मुली. मैदान 45 × 28 मीटर, काळी माती, तीन बाजूंना भिंत. क्रीडासप्ताह डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, रोज सकाळी 7:30 ते 10.

प्रश्न तीन. एवढ्या जागेत गोल ट्रॅक आखता येईल का, आणि कसा? 180 मुलांच्या धावण्याच्या फेऱ्या अडीच तासांत कशा उरकायच्या? आणि एप्रिलमध्ये निकालाबरोबर पालकांना चार पानी वार्तापत्र द्यायचं असतं (तीन पानं मराठी, एक गुजराती), त्यात क्रीडासप्ताहाचं पान दरवर्षी शेवटच्या क्षणी जुळवावं लागतं. ते आधी कसं बांधून ठेवायचं?

दोरी_फूटपट्टी

ताई, 100 मीटरचा ट्रॅक विसरा. चार लेन धरल्या तर तो तुमच्या 28 मीटरच्या रुंदीत मावत नाही. 80 मीटरचा मात्र छान बसतो. आतल्या रेषेची त्रिज्या 8 मीटर आणि सरळ बाजू 14.24 मीटर. लेन एक मीटरची, चार लेन. बाहेरचं माप होतं 38.24 × 24 मीटर, म्हणजे लांबीत दोन्ही टोकांना तीन मीटरहून जास्त आणि रुंदीत दोन्हीकडे दोन-दोन मीटर मोकळे राहतात. भिंत जवळ असताना हे दोन मीटर सोडायलाच हवेत, वळणावर मूल बाहेरच फेकलं जातं.

14.24 कुठून आलं? मूल रेषेवर पाय देऊन धावत नाही, म्हणून अंतर रेषेपासून 20 सेंटीमीटर बाहेर मोजतात. 8.2 त्रिज्येचं पूर्ण वर्तुळ 51.52 मीटर. 80 मधून ते गेलं की 28.48 उरतात, त्याचे दोन भाग.

आखताना आधी 14.24 × 16 चा आयत पाडा. काटकोन डोळ्यांनी धरू नका. एका बाजूवर 6 मीटर, दुसरीवर 8 मीटर मोजा, दोन्ही खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर 10 भरलं पाहिजे. आयत पाडून झाला की दोन्ही कर्ण ताणून बघा, सारखे नसतील तर कुठली तरी खुंटी सरकली आहे. मग 16 मीटरच्या बाजूंच्या मध्यावर खुंटी ठोकून 8 मीटरच्या दोरीने अर्धवर्तुळ फिरवा. दोरी सुताची किंवा तारेची घ्या. नायलॉनची ताणली की लांब होते आणि वर्तुळ अंड्यासारखं येतं.

आता लोक हमखास चुकतात ती जागा. पूर्ण फेरीची शर्यत असेल तर बाहेरच्या लेनचा मुलगा पुढून सुटतो. एक मीटर रुंद लेनला दर लेनमागे 6.28 मीटर. दुसरी लेन 6.28, तिसरी 12.57, चौथी 18.85. त्रिज्या 8 असो की 30, हा आकडा बदलत नाही, कारण तो फक्त लेनच्या रुंदीवर ठरतो. अर्ध्या फेरीला याच्या निम्मा. अंदाजे पावलं टाकून हे करू नका. पालक कुंपणाशी उभे असतात आणि चौथ्या लेनचं पोर एवढं पुढे का, हे पहिल्याच शर्यतीला विचारतात. खुणेच्या जागी पाटी लावून ठेवा.

रेघांसाठी कळीचा चुना नको. डोळ्यात गेला तर भाजतो. रांगोळीची चिरोडी घ्या, दिवाळीनंतर जुन्या शहरात मांडवीकडे सहज मिळते. पाच सेंटीमीटर रुंद रेघेला मीटरमागे साधारण 100 ग्रॅम लागते. ट्रॅकच्या पाच रेघा मिळून 456 मीटर, सरळ शर्यतीच्या सात रेघा 210 मीटर. रोज सकाळी थोडं पुन्हा आखावं लागेल ते धरून 100 किलो सांगून ठेवा.

पाणी आदल्या संध्याकाळी शिंपडा, सकाळी नाही. काळ्या मातीला सकाळी पाणी दिलं की बुटाला थर चढतो. अजिबात नाही दिलं तर भेगा राहतात आणि पाऊल मुरगळतं. भेगा आधी कोरड्या मातीने भरा, मगच शिंपडा.

शिट्टीवाले

आखणी वरच्यांनी सांगितलीच आहे, मी वेळेचं सांगतो.

पहिली ते पाचवीला गोल ट्रॅकवर शर्यत ठेवायचा आग्रह धरू नका, तो रिलेसाठी ठेवा. धावणं सरळ 30 मीटर. तुमच्या 45 मध्ये मागे 3, मध्ये 30, पुढे थांबायला 12. हे 12 मीटर कमी करायचे नाहीत. पहिलीचं मूल रेषेवर थांबत नाही, भिंतीपाशी थांबतं. शेवटच्या रेषेवर दोरी किंवा रिबन धरू नका, गळ्याला लागते.

सहा लेन ठेवा. एका इयत्तेतले 18 मुलगे म्हणजे तीन फेऱ्या, 18 मुली म्हणजे तीन. पाच इयत्तांच्या 30 फेऱ्या. प्रत्येक फेरीतले पहिले दोघे घेतले की अंतिमला बरोबर सहा होतात. फेऱ्यांमध्ये स्टॉपवॉच लावून सगळ्यात कमी वेळ कोणाचा ते शोधत बसू नका. हातातल्या घड्याळाचा माणसागणिक फरक दोन दशांश सेकंद सहज असतो, आणि 30 मीटरमध्ये पोरं तेवढ्यातच एकमेकांपुढे असतात. क्रमांकच बघा.

एका फेरीला तीन मिनिटं धरा: 30 फेऱ्यांचा दीड तास, 10 अंतिमचा अर्धा तास. पण ही तीन मिनिटं तेव्हाच होतात जेव्हा एक तुकडी रेषेवर, दुसरी मागे उभी आणि तिसरी बसलेली असते. वेळ धावण्यात जात नाही, नावं पुकारण्यात जातो. यादी आदल्या दिवशी करा आणि छातीवर लेनचा आकडा पिनेने नको, कापडी पट्टीने बांधा.

निकाल देणारे तिघे. एक फक्त पहिला बघेल, दुसरा फक्त दुसरा, तिसरा फक्त तिसरा. तिघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, आधी आकडा लिहायचा. रेषेला छाती पोचते तेव्हा क्रमांक, हात किंवा डोकं नाही. ते तिघे रेषेच्या सरळ ओळीत, बाकावर किंवा पायरीवर. डिसेंबरात सूर्य सात वाजून गेल्यावर आग्नेयेकडून वर येतो, म्हणून बाक पूर्वेच्या बाजूला ठेवा, म्हणजे ऊन पाठीवर राहील. धावण्याची दिशाही आग्नेयेकडे नको.

पहिली-दुसरीला अंतिम फेरीच नको असं माझं मत. रडारड होते आणि त्या 12 मिनिटांत दुसरं काही होऊ शकतं.

मांडवीकर_काकू

आखणीवाल्या दादांनी एक विसरलेलं दिसतंय: पतंग! डिसेंबर सुरू झाला की जुन्या शहरात गच्चीगच्चीवर उत्तरायणची, म्हणजे संक्रांतीच्या पतंगबाजीची, तालीम चालते. तुटलेला मांजा मैदानावर, झाडांवर, मंडपाच्या दोऱ्यांवर लोंबत असतो. रोज सकाळी 7 वाजता दोन मोठ्या माणसांनी मैदान चालून पिंजून काढायचं, एकाने जमिनीकडे बघत, दुसऱ्याने मुलाच्या गळ्याच्या उंचीला. हात घालून ओढू नका, काठीवर गुंडाळा. नायलॉनच्या मांज्यावर 2017 पासून बंदी आहे, पण बंदी आहे म्हणून तो मैदानात पडत नाही असं नाही.

खेळांचं सांगते. लिंबू-चमचा पहिली-दुसरीला तोंडात नको, हातात. तोंडात चमचा असताना मूल पुढे पडलं तर टाळ्याला लागतो. मोठ्यांनाही प्लॅस्टिकचा चमचा द्या, दांडा आखूड. लिंबं एकसारखी निवडा, लहान लिंबू चमच्यात जास्त लोळतं.

पोत्यांच्या शर्यतीला ज्यूटचं पोतं. साखरेचं प्लॅस्टिकचं घसरतं, मातीवर तर फारच. पोतं छातीपर्यंत यायला हवं, उरलेलं दुमडून शिवा. अंतर 15 मीटर पुरे.

तीन पायांच्या शर्यतीत सुतळीने बांधतात आणि वळ उठतात. जुन्या सुती ओढणीच्या चार बोटं रुंद पट्ट्या फाडा, गाठ गुडघ्याच्या खाली आणि अशी की एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. सारख्या उंचीची जोडी लावा.

रस्सीखेच असेल तर दोर तीन-साडेतीन सेंटीमीटर जाडीचा सुती किंवा काथ्याचा. पातळ नायलॉनचा तुटतो तेव्हा मागे उसळतो. मनगटाला गुंडाळायला सक्त मनाई, शेवटच्याच्या कमरेला बांधायलाही. दोन्ही बाजूला आठ मुलं, वजनाची बेरीज काढून वाटणी करा, उंची बघून नव्हे. एक तर सगळे अनवाणी, नाही तर सगळे बुटात.

पाणी: माणशी अर्धा लिटर धरलं तर मुलांचंच 90 लिटर. 20 लिटरचे सहा जग सांगा आणि पेले घरून आणायला लावा.

शाळेची_ताई

काकू, मांज्याचं डोक्यातच नव्हतं आलं. चौथी-पाचवीला खो-खो ठेवायचा आहे. ट्रॅकच्या आत बसेल का, की वेगळा दिवस?

दोरी_फूटपट्टी

मोठ्यांचं मैदान 27 × 16 मीटर असतं, ते आत बसत नाही, कोपरे वळणाच्या रेघेबाहेर जातात. 20 × 14 आखा. खांब एकमेकांपासून 17 मीटरवर, दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर मोकळं. मधले आठ चौकोन 30 सेंटीमीटरचे तेच ठेवा, मग दर दोन चौकोनांमध्ये, तसंच खांब आणि शेवटचा चौकोन यांच्यामध्ये, 1.62 मीटर येतात. खांबाची जमिनीवरची उंची 120 ते 125 सेंटीमीटर. खाली दोन फूट गाडून खड्डा माती-खडी ठोकून भरा, कारण पाठलाग करणारं मूल खांब धरून वळतं आणि सैल खांब त्याच्यासकट येतो. वरची कड घासून गोल करा. डाव पाच मिनिटांचा पुरे.

काकू, मांजा माझ्याकडून खरंच राहिला होता.

पानजुळणी

वार्तापत्राचं. पान शेवटी जुळवावं लागतं कारण निकाल कागदांवर विखुरलेले असतात. त्याच दिवशी एका तक्त्यात भरा: इयत्ता, खेळ, क्रमांक, नाव. तिसरी ते पाचवीचे अंतिम निकाल म्हणजे सहा अंतिम, 18 नावं, त्यात सांघिक खेळांची थोडी. दहा पॉइंटमध्ये अर्धं पानसुद्धा लागत नाही. उरलेलं पान छायाचित्रांचं, आणि ते जानेवारीतच बांधून ठेवा.

नावं हजेरीपटावरून घ्या, पण डोळे उघडे ठेवून. गुजरातीत लिहिलेला पट असेल तर कुऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाडे ही नावं देवनागरीत परत आणताना 'कुर्हाडे' होतात. गुजराती लिपीत आपला 'ऱ्' वेगळा लिहीत नाहीत, म्हणून. ही नावं शोधून हाताने दुरुस्त करा आणि वर्गशिक्षिकेकडून यादीवर सही घ्या.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. छापखान्यात जुन्या फॉन्टमध्ये बदलताना 'ऱ्', 'द्ध', 'ङ्' हीच अक्षरं आधी मोडतात. पीडीएफ फॉन्ट आत घालून द्या आणि छापखान्याने काढलेला कच्चा कागद वाचल्याशिवाय होकार देऊ नका. पडद्यावर बरोबर दिसलेलं कागदावर चुकू शकतं.

छायाचित्रं व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. नेहमीसारखी पाठवली तर दाबली जातात. 10 सेंटीमीटर रुंद छापायला रुंदी 1200 पिक्सेल तरी हवी. चेहरा ओळखू येईल अशा मुलाच्या पालकांचा लेखी होकार क्रीडासप्ताहाच्या आधीच्याच चिठ्ठीत मागून घ्या, एप्रिलमध्ये धावपळ नको. चित्राखाली फक्त नाव आणि इयत्ता, आडनाव नको. आडनावासह नावं फक्त निकालाच्या यादीत.

पानं चारच्या पटीत ठेवा, ए-3 कागद मधोमध दुमडला की चार होतात. एका घरची भावंडं असतात, त्यामुळे 180 ऐवजी घरं मोजा आणि वर 25 प्रती जास्त. गुजराती पान मराठीचं शब्दशः भाषांतर करू नका. फक्त मराठी न वाचणाऱ्या पालकांना लागेल तेवढं द्या: तारखा, फी, शाळा उघडण्याचा दिवस, पुस्तकांची यादी.

मांडवीकर_काकू

जागा उरली तर सुविचार छापू नका, कोणी वाचत नाही. आपल्या गावाचंच काही द्या. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाममंदिर आहे. 1923 मध्ये हिंदविजय जिमखान्याच्या सुधारित नियमांनी हुतुतूची अखिल भारतीय स्पर्धा बडोद्यातच झाली. चौथी-पाचवीची मुलं हे पाच-सहा ओळींत लिहू शकतात.

शाळेची_ताई

होकाराची चिठ्ठी कार्यक्रमपत्रिकेच्या मागेच छापते, म्हणजे वेगळा कागद नको. एकच शंका: पावसाने वा धुक्याने एक दिवस गेला तर कोणता कार्यक्रम सोडायचा?

शिट्टीवाले

पाऊस त्या आठवड्यात क्वचितच येतो, पण सोडायचाच झाला तर आधी रिले. एका रिलेमध्ये 16 मुलं धावतात आणि बाकी सगळी उभी राहतात. शनिवार मोकळा ठेवा, त्या दिवशी फक्त बक्षिसं आणि मागे राहिलेलं. आणि 30 मीटरच्या फेऱ्या सोमवारीच उरका, तोवर चिरोडीच्या रेघा शाबूत असतात.