खरा श्रेष्ठ कोण: सलग जिंकत राहणारा की विजेत्यांच्या स्पर्धेत जिंकणारा?

शनिवारकर

पुण्यातल्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या बोट क्लबवरच्या प्रश्नमंजूषांना येणाऱ्या आम्हा काही मंडळींमध्ये एक वाद बरेच दिवस धुमसतो आहे. तो चहाच्या टेबलावर मिटणारा नाही, म्हणून इथे सविस्तर मांडतो. दूरचित्रवाणीवरच्या जुन्या प्रश्नमंजूषांमध्ये श्रेष्ठ कोणाला म्हणायचे? रोजच्या खेळात सलग जिंकत राहणाऱ्याला, की आधी जिंकलेल्यांनाच पुन्हा एकमेकांसमोर उभे करून घेतलेल्या स्पर्धेत जो शेवटी टिकतो त्याला? मी ठामपणे दुसऱ्या बाजूचा आहे.

माझा आधार आहे ‘जेपर्डी’. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या अमेरिकी कार्यक्रमात तीन स्पर्धक असतात, माहिती उत्तराच्या रूपात दिली जाते आणि स्पर्धकाने तिला प्रश्नाच्या रूपात प्रतिसाद द्यायचा असतो. जिंकणारा पुढच्या भागात नव्या दोघांशी खेळतो. ॲलेक्स ट्रेबेक यांच्या सूत्रसंचालनाखाली १९८४ मध्ये हा कार्यक्रम नव्याने सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी पंधरा विजेत्यांची स्पर्धा घेण्यात आली. पाच सामन्यांचे पाच विजेते, हरलेल्यांपैकी सर्वाधिक गुणांचे चौघे, असे नऊ जण उपांत्य फेरीत. तिथे मात्र जिंकेल तोच पुढे. आणि अंतिम फेरीत दोन दिवसांच्या गुणांची बेरीज. हा आराखडा पुढे अनेक वर्षे टिकला, कारण तो मुळातच विचारपूर्वक आखलेला होता.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. पहिल्या फेरीतल्या ज्या स्पर्धकांचे सामने व्हायचे असत त्यांना आधीचे सामने पाहू देत नसत, कारण किती गुणांवर ‘वाइल्ड कार्ड’, म्हणजे हरूनही उपांत्य फेरीतली जागा, मिळेल हे त्यांना कळता कामा नये. त्यामुळे शेवटच्या प्रश्नावर पैज लावताना दुसऱ्या क्रमांकावरच्या खेळाडूसमोर खरा पेच असे: जिंकण्यासाठी सगळे पणाला लावायचे, की शून्य लावून हातातले गुण राखायचे आणि ते पुरतील अशी आशा धरायची? रोजच्या खेळात हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिथे दुसऱ्या क्रमांकाला पुढचा सामना मिळत नाही.

शिवाय २००३ पर्यंत पाच विजयांनंतर खेळाडूला निवृत्त व्हावे लागत असे. ब्रॅड रटर २००० मध्ये पाच सामने जिंकून अपराजित बाहेर पडला. त्याची सलग विजयांची संख्या पाच आहे, कारण नियमाने त्याला सहावा सामना खेळूच दिला नाही. त्याला मोजायचे कशाने?

गणिती

शनिवारकर, पाच विजयांच्या मर्यादेचा मुद्दा रास्त आहे, पण त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मर्यादा उठल्यानंतर २००४ मध्ये केन जेनिंग्ज सलग ७४ सामने जिंकला. एखादा खेळाडू इतका तयारीचा आहे की कोणताही सामना जिंकण्याची त्याची शक्यता नव्वद टक्के आहे, असे धरून चला. असा खेळाडूही ७४ सामने ओळीने जिंकण्याची शक्यता दहा हजारांत जेमतेम चार इतकीच येते. म्हणजे जेनिंग्जची खरी ताकद बहुधा नव्वद टक्क्यांच्याही वर होती. इतका मोठा पुरावा पंधरा जणांच्या छोट्या स्पर्धेतून कधीच मिळू शकत नाही.

आता विजेत्यांच्या स्पर्धेचा हिशेब पाहा. समोर तोडीस तोड माणसे असताना एखाद्या खेळाडूची प्रत्येक फेरीतली शक्यता पन्नास टक्के धरली, तरी तीन फेऱ्या पार करण्याची शक्यता आठात एक होते. एक चुकलेली पैज, बझरवर पाव सेकंदाचा उशीर, न जमणारा एक विषय, आणि सर्वांत तयारीचा माणूस घरी. जेनिंग्ज ज्या सामन्यात हरला तोही असाच होता. हंगामी कर्मचारी वर्षातून चारच महिने कामावर ठेवणाऱ्या कंपनीचे नाव विचारले होते. उत्तर होते करविवरणे भरून देणारी ‘एच अँड आर ब्लॉक’, आणि त्याने लिहिले ‘फेडएक्स’. त्या एका उत्तरावरून तो श्रेष्ठ नव्हता असे कोणी म्हणत नाही. मग स्पर्धेतल्या एका सामन्यावरून दुसरा श्रेष्ठ कसा ठरतो?

लकडी पूल

गणिती यांच्या हिशेबात एक गोष्ट सुटली आहे, आणि ती म्हणजे बझर. ‘जेपर्डी’मध्ये सूत्रसंचालकाचे वाचन संपल्यावर फलकाच्या कडेचे दिवे लागतात आणि त्यानंतरच बझर चालतो, त्याआधी दाबणाऱ्याचा बझर पाव सेकंद बंद पडतो. उत्तर तिघांनाही येत असते तेव्हा सामना या तालावरच ठरतो. एका दिवसात पाच भागांचे चित्रीकरण होते, त्यामुळे चालू विजेत्याचा हात त्या तालात बसलेला असतो आणि समोरचे दोघे आयुष्यात पहिल्यांदाच त्या मंचावर उभे असतात. लांब विजयमालिकेत ज्ञानाचा वाटा मोठा असतो हे खरेच, पण तिच्यात या असमान परिस्थितीचाही वाटा आहे. विजेत्यांच्या स्पर्धेत तिघांचेही हात तयार असतात, म्हणून तिथला निकाल मला अधिक स्वच्छ वाटतो.

पुणेकरांना हे वेगळे सांगायला नको. पुरुषोत्तम करंडकात प्राथमिक फेरी गाजवलेल्या संघालाही अंतिम फेरीत तीच एकांकिका पुन्हा उभी करावी लागते, आणि लक्षात राहतो तो अंतिम फेरीतला प्रयोग.

काळी खुर्ची

माझी आठवण थोड्या वेगळ्या वाटेची आहे. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ सुरू झाला तेव्हा आमच्या वाड्यातल्या सगळ्या अँटेना सिंहगडाच्या दिशेने वळवलेल्या असत, आणि महाविद्यालयांचे संघ फेरीफेरीने गळत जाताना आम्ही श्वास रोखून पाहत असू. तिथे सलग विजयांची मालिका हा प्रकारच नव्हता. पुढे बसू यांनीच बीबीसी वर्ल्डवर ‘मास्टरमाइंड इंडिया’ सादर केला. त्यातही तेच: प्राथमिक फेरी, उपांत्य, अंतिम. अंधारात एकच काळी खुर्ची, डोक्यावर प्रकाशाचा झोत, आधी स्वतः निवडलेला विषय आणि मग सामान्यज्ञान. गुण समान झाले तर ज्याने कमी वेळा ‘पास’ म्हटले तो पुढे. हा छोटासा नियम किती न्याय्य आहे! येत नसेल तर धीराने प्रयत्न करणाऱ्याला तो झुकते माप देतो.

मूळ ब्रिटिश ‘मास्टरमाइंड’मध्ये १९८० साली फ्रेड हाउसगो नावाचा लंडनचा टॅक्सीचालक विजेता झाला, आणि १९८३ साली ख्रिस्तोफर ह्यूज हा भुयारी रेल्वेचा चालक. बाद फेरीमुळे अशा माणसांना मोजक्या संध्याकाळी देशातल्या कोणाच्याही बरोबरीने बसता आले, हे मला त्या पद्धतीचे सर्वांत मोठे देणे वाटते. म्हणून मी शनिवारकरांच्या बाजूने, कारण मात्र माझे वेगळे.

गणिती

काळी खुर्ची, आपली आठवण सुंदर आहे, पण ती माझ्या मुद्द्याला उत्तर देत नाही. बाद फेरी रंगतदार असते याबद्दल दुमत नाही. ती अचूक मोजते का, एवढाच माझा प्रश्न आहे.

२००५ ची ‘अल्टिमेट’ स्पर्धाच पाहा. १४५ जुने विजेते बोलावले आणि जेनिंग्जला थेट अंतिम फेरीत बसवले. महिनोन्महिने तो एकही सामना खेळलेला नव्हता. लकडी पूल ज्या तालाबद्दल बोलतात तो इथे त्याच्या विरुद्ध गेला. रटर आधीच्या फेऱ्या खेळून, हात गरम करून आला आणि जिंकला. आयोजकांनी सन्मान म्हणून दिलेली सवलत जेनिंग्जला भोवली. अशा आराखड्याला मी श्रेष्ठत्वाचा निकष मानणार नाही.

शनिवारकर

सवलत देणे चुकीचेच होते, यात वाद नाही. पहिली फेरी रटरलाही माफ होती, पण त्यापुढची प्रत्येक फेरी त्याने मंचावर उभे राहून जिंकली.

मात्र गणिती, आता आपलाच हिशेब आपल्यापुढे ठेवतो. विजेत्यांची एक स्पर्धा जिंकण्याची शक्यता आपण आठात एक धरली. रटरने २००१ ची विजेत्यांची स्पर्धा जिंकली, २००२ ची ‘मिलियन डॉलर मास्टर्स’ जिंकली, २००५ ची ‘अल्टिमेट’ जिंकली आणि २०१४ ची ‘बॅटल ऑफ द डिकेड्स’ही जिंकली. चार स्पर्धा, म्हणजे आपल्या गणिताने ४०९६ मध्ये एक शक्यता. जेनिंग्जच्या ७४ विजयांसाठी आपण दिलेल्या आकड्यापेक्षा ही दुर्मीळ आहे. शिवाय शेवटच्या दोन स्पर्धांच्या अंतिम फेरीत त्याच्यासमोर खुद्द जेनिंग्ज होता.

आणखी एक उदाहरण. जेम्स होल्झहाउअर २०१९ मध्ये ३२ सामने जिंकून एमा बोएचर हिच्याकडून हरला. त्याच वर्षीच्या विजेत्यांच्या स्पर्धेत अंतिम फेरीत दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि या वेळी तो जिंकला. ती स्पर्धा नसती तर त्या पराभवाचा खुलासा कधीच झाला नसता.

गणिती

रटरचा हिशेब मला मान्य आहे, आणि तो या धाग्यावरचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. पण त्यातून सिद्ध होते ते हे, की चार स्पर्धा मिळून एक खरा पुरावा तयार होतो; त्यांतली कोणतीही एक पुरेशी नव्हती. जानेवारी २०२० मध्ये जेनिंग्ज, रटर आणि होल्झहाउअर या तिघांना एकत्र आणले तेव्हा आयोजकांनाही हे उमगलेले दिसते. प्रत्येक लढतीत दोन डाव, आणि तीन लढती आधी जिंकेल तो श्रेष्ठ, असा नियम ठेवला. जेनिंग्जने तीन लढती जिंकल्या, होल्झहाउअरने एक, रटरने एकही नाही. विजेत्यांची स्पर्धा घ्यायचीच असेल तर ती याच पद्धतीने घ्यावी.

लकडी पूल

त्या पद्धतीला माझाही पाठिंबा आहे. फक्त २०२० मध्ये रटर शेवटचा आला म्हणून आधीच्या चार स्पर्धांचे मोल कमी करू नये.