'ओव्हरसाइट'ला मराठीत काय म्हणायचं? देखरेख, पर्यवेक्षण, संनियंत्रण की अजून काही

मंडळी नमस्कार, पाणलोटाच्या कामांवर गावकऱ्यांसाठी छोटी माहितीपुस्तिका लिहितोय आणि एका वाक्यावर चार दिवस अडकलोय. बंधारा सरकारी पैशातून होणार, पण डिझाइन खात्यातला इंजिनिअर करत नाही, बाहेरचा सल्लागार करतो, आणि त्या डिझाइनवर सरकारची 'ओव्हरसाइट' असते. आधी देखरेख लिहिलं. पण देखरेख आपण लेकरांवर ठेवतो, गुरांवर ठेवतो, फार तर चालू बांधकामावर ठेवतो, कागदावर काढून झालेल्या डिझाइनवर देखरेख कशी ठेवणार? पर्यवेक्षण म्हटलं की परीक्षेचा हॉल डोळ्यापुढे येतो. जीआरमधे 'संनियंत्रण व मूल्यमापन' असतं, पण आमच्या गावात चार जणांना विचारलं, एकालाही संनियंत्रण म्हणजे काय ते सांगता आलं नाही. आणि नुसतं नियंत्रण लिहिलं तर बाहेरच्या इंजिनिअरच्या हातातली पेन्सिलच सरकारनं धरली असं होतं, तेही बरोबर नाही. काय लिहू?

प्रतिसाद
नवा शब्द शोधूच नका दादा, रोजच्या वापरातल्या शब्दाकडे बघा. मंजूर. हा अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि त्याचा धातू तोच जो 'नजर'चा. मंजूर म्हणजे मुळात 'पाहिलेलं', ज्यावरून नजर फिरली आहे ते. कोर्टातला नाझर पण त्यातलाच, पाहणारा. म्हणजे आपल्या भाषेत 'मंजूर केलं' याच्या पोटातच 'मी पाहिलं' असं आहे, आपण ते विसरलो आणि मंजूर म्हणजे फक्त सही आणि शिक्का इतकंच उरलं. परि + अव + ईक्षण असं पर्यवेक्षण फोडलं तर तिथेही बघणंच आहे, सगळीकडून खाली बघणं. पण ते संस्कृतात राहिलं, मंजूर मात्र गावातल्या म्हातारीला पण कळतं.

जाता जाता, ओव्हरसाइटचे इंग्रजीत दोन उलटे अर्थ होतात, लक्ष ठेवणं आणि नजरेतून सुटणं. आपल्याकडे नजरअंदाजचं तेच झालंय. महसूल खात्याची 'नजरअंदाज पैसेवारी' म्हणजे पिकाकडे डोळ्यांनी बघून बांधलेला अंदाज, आणि हिंदीतून आलेलं 'नजरअंदाज करणं' म्हणजे दुर्लक्ष. एकच शब्द, एका ठिकाणी बघणं, दुसऱ्या ठिकाणी न बघणं.

प्रतिसाद
वरच्या प्रतिसादातलं मंजूरचं मूळ वाचलं आणि मनातलं काहीतरी हललं म्हणून लिहितोय, मी जलसंधारणाच्या कामांवर बरीच वर्षं काढली आहेत. आधी एक दुरुस्ती, कार्यालयात 'मंजूर' एकटा येत नाही, दोन मान्यता असतात आणि पुस्तिकेत त्या वेगळ्या यायलाच हव्यात. प्रशासकीय मान्यता म्हणजे काम हवंय आणि त्याला पैसे द्यायचेत. तांत्रिक मान्यता म्हणजे संकल्पचित्र आणि अंदाजपत्रक तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. (डिझाइनला आराखडा लिहू नका, आराखडा म्हणजे नुसता प्लॅन, गावाचा पण आराखडा असतो. खात्याचा शब्द संकल्पचित्र, नाशिकला धरणांची डिझाइनं करणारी संस्थाच मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना या नावाची आहे.) गावातला माणूस विचारतो 'मंजूर झालं का', त्याला हो म्हणून सांगितलं जातं, आणि तेव्हा बहुतेक वेळा पहिलीच झालेली असते.

आता पाहण्याबद्दल. एका तालुक्यात सिमेंट नाला बांधाची संकल्पचित्रं बाहेरच्या सल्लागाराकडून आली होती, चार गावांची. कागद व्यवस्थित, छेद काढलेले, पंखभिंती (बांधाच्या दोन्ही टोकांना काठाशी असलेल्या बाजूच्या भिंती) काढलेल्या, नाल्याची रुंदी चौदा मीटर. चारही गावांत चौदा. मी त्यातल्या एका नाल्यावर टेप घेऊन गेलो तर काठ ते काठ एकवीस भरली आणि डाव्या काठाला खडक नव्हताच, पांढरी माती, हातानं दाबली तरी भुगा होणारी. बाभळीच्या बुंध्याला पुराबरोबर आलेला पाचोळा अडकलेला होता, माझ्या छातीच्या उंचीवर, म्हणजे पूर कुठवर येतो ते झाडच सांगत होतं. तिथला कागद परत पाठवला. पण बाकीच्या तीनपैकी एका ठिकाणी कुणी गेलं नाही, बांध झाला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात पाण्यानं पंखभिंतीला बगल देऊन काठ फोडला. भिंत जशीच्या तशी उभी, पाणी तिच्या शेजारून गेलं आणि एका शेतकऱ्याची काठाची जमीन घेऊन गेलं. त्या कागदावर सह्या सगळ्या होत्या, तो मंजूर होता, पण तुम्ही सांगता त्या अर्थानं तो मंजूर नव्हता. त्या माणसाच्या बांधावर उभं राहून मला काही बोलता आलं नाही ते अजून टोचतं.

प्रतिसाद
मग 'त्रयस्थ' का नको? डिसेंबर २०१४ ला जलयुक्त शिवार सुरू झालं तेव्हापासून त्रयस्थ मूल्यमापन हा शब्द गावोगाव माहीत झालाय.

प्रतिसाद
नको, कारण इथेच लोकांचा घोळ होतो. आमच्याकडे सल्लागारालाच 'थर्ड पार्टी' म्हणतात, बाहेरचा आहे म्हणून. पण ज्यानं डिझाइन केलं आणि त्याचे पैसे घेतले तो त्रयस्थ कसा, तो त्या व्यवहारातलाच. बाहेरचा आणि त्रयस्थ हे एक नाही. शिवाय त्रयस्थ मूल्यमापन काम झाल्यावरचं, आणि तुमचा प्रश्न काम सुरू व्हायच्या आधीचा. (तटस्थ पण नको, तो शब्दशः काठावर उभा राहणारा, आणि इथे तर नाल्यात उतरणारा माणूस हवाय.)

प्रतिसाद
अमेरिकेतल्या आयोवातून लिहितेय. इकडे मृद-जलसंधारणाचं काम केंद्राच्या शेतीखात्याची एनआरसीएस (नॅचरल रिसोर्सेस कन्झर्व्हेशन सर्व्हिस) ही संस्था बघते, १९३५ ला सॉइल कन्झर्व्हेशन सर्व्हिस म्हणून सुरू झाली, १९९४ ला नाव बदललं. २००२ च्या फार्म बिलापासून (शेतीविषयक केंद्रीय कायदा) बाहेरच्या तांत्रिक लोकांना सरकारी पैशानं डिझाइन करायला रीतसर वाट मिळाली. तुमच्या चर्चेला उपयोगी पडेल असा त्यांचा एक शब्दप्रयोग आहे, 'जॉब अप्रूव्हल अथॉरिटी'. कुणाला काय मान्य करायचा अधिकार ते कामाच्या प्रकारानुसार ठरतं, आणि प्रत्येक प्रकारात पहिल्यापासून आठव्यापर्यंत वर्ग आहेत, काम जितकं मोठं आणि गुंतागुंतीचं तितका वरचा वर्ग. माझे वडील आपल्याकडे महाराष्ट्रात इंजिनिअर होते, त्यांच्याकडून कायम ऐकलं ते 'किती लाखापर्यंतची तांत्रिक मान्यता कुणाच्या अधिकारात', म्हणजे उपअभियंता इतकी, कार्यकारी अभियंता इतकी, त्याच्या वर अधीक्षक अभियंता. आपल्याकडे अधिकार रुपयात मोजतात, इकडे कामाच्या आवाक्यात. स्वस्तातला बांधसुद्धा वाईट जागी असला तर धोक्याचा असतो, हे रुपयाच्या मापात दिसत नाही असं मला मनापासून वाटतं. आणि दुसरं, बाहेरच्यानं केलेलं डिझाइन सरकारी इंजिनिअरनं बघितलं म्हणून करणाऱ्याची जबाबदारी उतरत नाही, तुमच्या वाक्यात हे यायला पाहिजे, कारण 'सरकारचं नियंत्रण' लिहिलं की सगळी जबाबदारी सरकारवर गेल्यासारखी वाटते आणि 'सल्लागारानं केलं' लिहिलं की सरकार सुटतं.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे आभार, खरंच. मी एका नामाच्या शोधात होतो आणि तुमचं वाचून कळलं की इथे नाम नकोच, क्रियापदं पाहिजेत, कारण नाम लिहिलं की कोण बघतो ते लपतं. आता वाक्य असं केलंय:

"बंधाऱ्याचं संकल्पचित्र बाहेरच्या अभियंत्यानं केलं असेल तर ते बरोबर असण्याची जबाबदारी त्याचीच राहते. तांत्रिक मान्यता देण्याआधी खात्याचा अभियंता ते तपासतो आणि जागेवर येऊन नाल्याशी पडताळून बघतो. तो कोण आणि कधी आला होता ते ग्रामपंचायतीनं विचारावं."

'तपासतो' कागदासाठी, 'पडताळून बघतो' जागेसाठी, दोन्ही मुद्दाम ठेवलेत. मंजूरचं मूळ चौकटीत टाकतोय, आणि बाभळीवरच्या पाचोळ्याची गोष्ट साहेबांची हरकत नसेल तर गाव न सांगता घेतो. एकच राहिलं, पंखभिंतीला तुमच्या भागात दुसरा काही शब्द आहे का? आमच्याकडे जुने गवंडी नुसतं 'बाजूची भिंत' म्हणतात, चित्राखाली तेच लिहावं असं मनात आहे.